एकच काडतूस : एकबारी रायफलीची निवड

गेल्या वर्षी श्रावणात बहिणीच्या मुलाचा जर्मनीहून फोन आला. “मामा, मी शिकाऱ्याची परीक्षा पास झालो. आता रायफल घ्यायची आहे. इथले म्हातारे शिकारी म्हणतात, एकाच गोळीची घे. दुकानदार म्हणतो, मॅगझिनची घे. तू इतकी वर्षं बंदुकांवर वाचतोयस, तूच सांग.”

मी कोल्हापुरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. संशोधनाची पदवी नाही, शिकार कधी केलेली नाही आणि करायचीही नाही. पण लोखंड कसे वागते ते हाताला कळते, म्हणून जुन्या बंदुकांच्या यंत्ररचनेचा नाद लागला तो लागलाच. भाच्याला चार वाक्यांत उत्तर देता आले असते. तरी ते दिले नाही, याचे कारण आमच्या घरातच आहे. ते पुढे येईल.

आधी रायफलीविषयी. प्रत्येक बारानंतर हाताने नवे काडतूस भरावे लागते ती एकबारी रायफल. मागून भरायच्या बंदुका नव्या होत्या तेव्हा त्या बहुतेक अशाच असत. अमेरिकेत ख्रिश्चन शार्प्स याने १८४८ साली पडत्या ठोकळ्याचे पेटंट घेतले. खालची दांडी ओढली की पोलादी ठोकळा खाचेतून सरळ खाली सरकतो आणि नळीचे मागचे तोंड उघडते. काडतूस सारून दांडी वर घेतली की ठोकळा पुन्हा नळीमागे घट्ट बसतो. १८७२ साली स्कॉटलंडच्या जॉन फारकर्सनने ही रचना आणखी नेटकी केली. १८७९ साली, चोविसाव्या वर्षी, जॉन ब्राउनिंगला त्याच्या पडत्या ठोकळ्याचे पेटंट मिळाले आणि विंचेस्टरने ती रायफल १८८५ची म्हणून बाजारात आणली. ब्रिटिश फौजेने १८७१ साली घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीत ठोकळा सरळ न पडता मागच्या खिळीवर झुलतो. हिंदुस्थानातही ती लष्करात होती.

१८८६च्या फ्रेंच लेबेलनंतर बिनधुराची दारू आणि मॅगझिनच्या रायफली सगळीकडे पसरल्या आणि एकबारीची गरज संपली. गरज संपल्यावरही जी वस्तू लोक मुद्दाम विकत घेतात तिच्यात काहीतरी असते. १९६७ साली अमेरिकेत बिल रूगरने फारकर्सनच्या कल्पनेवर आधारलेली ‘नंबर वन’ बाजारात आणली. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या डोंगरात तर ही परंपरा तुटलीच नाही. तिथली रायफल आपल्या एकनळी बंदुकीसारखी मध्ये मोडते. खटका दाबला की नळी पुढे कलते, म्हणून तिला ‘किपलाउफ’, म्हणजे कलती नळी, म्हणतात. ब्लेझरची के-९५ आणि झूलच्या मेर्केलची के-१ या तिच्या आजच्या ओळखीच्या जाती.

भाच्यापुढे खरे तर हाच पर्याय होता. म्हणून त्याला पहिला प्रश्न केला, “तू मारणार काय, आणि कुठे?”

कोणती शिकार यावरच सगळे ठरते. तिकडे हाक्याची शिकारही होते. जंगलातून उठवलेली रानडुकरे पळत समोरून जातात. तिथे दुसरा बार लगेच लागतो, एकबारी कामाची नाही. अंगावर येणाऱ्या जनावरापुढेही नाही. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे निघताना जिम कॉर्बेटजवळ तीनच काडतुसे होती. ती संपली, वाघीण जखमी होऊन समोर होती, आणि शेवटचा बार त्याला तहसीलदाराची बंदूक आणून काढावा लागला.

भाच्याला मात्र आल्प्समध्ये चढून गॅम्स, म्हणजे तिकडची डोंगरी रानशेळी, आणि खालच्या रानात रो हरीण मारायचे होते. तिथे उभे किंवा चरणारे जनावर असते, आणि शिकाऱ्याला वेळ असतो. तिथे एकबारीचे गुण उपयोगी पडतात. मागे बोल्टची पेटी नसल्यामुळे तेवढ्याच लांबीच्या नळीची रायफल साधारण दहा सेंटिमीटर आखूड होते. के-९५ दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आसपास भरते. हजार मीटर चढणाऱ्याला अर्धा किलोही जाणवतो. शिवाय या रायफलीची स्प्रिंग एरवी ढिली असते. नेम धरल्यावर अंगठ्याने कळ पुढे ढकलली तरच ती ताणली जाते. कड्यावर पाय घसरला तरी बार उडण्याची भीती फार कमी.

मग काडतूस. कलत्या नळीच्या रायफलीसाठी बुडाला कड असलेले काडतूस चांगले, कारण नळी मोडल्यावर ओढणीला पकडायला ती कड हवी. नावापुढचा ‘आर’ तोच. जर्मन कायदा सांगतो, रो हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत किमान १००० ज्यूल ऊर्जा हवी. गॅम्ससारख्या इतर खुरांच्या जनावरांसाठी गोळी किमान ६.५ मिलिमीटर जाडीची आणि ऊर्जा किमान २००० ज्यूल हवी. म्हणून मी ६.५ × ५७ आर किंवा ७ × ५७ आर सुचवले. ७ × ५७ हे माउझरचे १८९२चे काडतूस. इंग्रजांनी त्यालाच .२७५ रिग्बी म्हटले, आणि चंपावतनंतर कॉर्बेटला बक्षीस मिळालेली रायफल त्याच काडतुसाची होती. याहून जोरकस काडतुसे आहेत, पण हलकी रायफल त्यांच्याबरोबर खांद्याला जोरात लाथ मारते. लाथेला भिणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, मग नेम कसला?

लेथवाल्याची आणखी एक सूचना : बारीक नळी दोन-तीन बारांत तापते आणि गोळी जागा बदलते. म्हणून नेम जुळवताना प्रत्येक बारानंतर नळी गार होऊ द्यावी. डोंगरात बार निघणार तो गार नळीतूनच.

आता घरातले कारण. माझे आजोबा आजऱ्याकडे शेती करत. रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची एकनळी होती. १९७२चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची गोष्ट, वडिलांनी सांगितलेली. एका रात्री आजोबांनी अंधारात आवाजावर बार टाकला. डुक्कर ओरडले आणि पळाले. सकाळी रक्ताचा माग ओढ्यापर्यंत गेला आणि पाण्यात संपला. तिसऱ्या दिवशी गिधाडे फिरू लागली तेव्हा ते सापडले. जबडा फुटलेला होता, खाता-पिता येत नव्हते. आजोबांनी बंदूक पुसून कांबळ्यात गुंडाळली ती पुन्हा काढली नाही. “दुसरा बार होता माझ्याकडं,” ते म्हणत, “म्हणून पहिला असा टाकला.” खिशात काडतुसे होती, एवढाच त्यांचा अर्थ.

चंपावतच्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते, असे कॉर्बेटने लिहिले आहे. नेहमीचे भक्ष्य मारता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली असे त्याचे मत. तिच्या नावावर ४३६ बळी सांगतात. त्यामागे कुणाचा तरी एक घाईचा बार होता.

एकबारी रायफल माणसाला आपोआप शहाणा करत नाही, हे आजोबांच्या एकनळीनेच दाखवले. ती फक्त आठवण देते. म्हणून भाच्याला म्हणालो, “घे, पण अटीवर. दीडशे मीटरच्या पुढे मारायचे नाही. जनावर आडवे उभे नसेल तर मारायचे नाही. मागे माती नसेल तर मारायचे नाही. दुसरे काडतूस बोटांत धरून ठेव, पण ते जखमी जनावराची तडफड थांबवायला.” जखमी जनावराचे हाल ताबडतोब संपवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि माग काढायला खास शिकवलेली कुत्री असतात. आजोबांजवळ ती नव्हती.

आपल्याकडे १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागा राहिली नाही, ते योग्यच झाले असे मला वाटते. तिकडची परिस्थिती वेगळी आहे. मोठे हिंस्र प्राणी फार थोडे उरलेत, हरणे रोपे खातात, आणि किती मारायची याची योजना ठरते. तरी मारणे हे मारणेच. तिकडचे शिकारी मेलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. ते वाचले तेव्हा मला त्या लोकांविषयी थोडा विश्वास वाटला.

भाच्याने ७ × ५७ आरची जुनी, वापरलेली किपलाउफ घेतली. दसऱ्याच्या सुमारास फोन आला. पाच दिवस डोंगरात होता. एक गॅम्स दिसला, पण कड्याच्या धारेवर, मागे नुसते आकाश.

“मग?” मी विचारले.

“काडतूस काढून खिशात घातलं आणि खाली आलो, मामा.”

रायफल बरोबर निवडली गेली, असे मला त्या दिवशी वाटले.