नजर कमी होते ती सगळीच वयामुळे नव्हे

आमच्या चाळीत महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळी चाळ त्यांना दादा म्हणते. वर्ष-दोन वर्षे दादांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा, जिन्याची पायरी चुकायची. वहिनी म्हणायच्या, "अहो, जरा बघून चाला." दादा म्हणायचे, "वय झालं आता, चालायचंच." पेपर मात्र ते रोज वाचीत, त्यामुळे नजरेची शंका कुणालाच आली नाही. एके दिवशी डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून त्यांनी तो हाताने झाकला, तर समोर काळोख! उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. डावा डोळा दोघांचे काम करीत होता.

सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. काचबिंदू निघाला. दादांनी विचारले, "ऑपरेशन करून परत दिसेल ना?" डॉक्टर म्हणाले, "गेलं ते येणार नाही. राहिलंय ते सांभाळू."

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावंडांसारखी, पण फरक मोठा. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की, बाकी डोळा चांगला असल्यास, नजर परत येते. तो 'पिकेपर्यंत' थांबायची आता गरज नाही. काचबिंदूत, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे, मेंदूकडे दृष्टी नेणारी नस हळूहळू मरते. आधी बाजूची नजर जाते, समोरचे दिसत राहते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच तो घात करतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले असे नव्हे. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि मागची नस डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावाबहिणींनी आणि मुलांनी तर नक्कीच.

वाचकहो, आज घरी एवढे करा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा. चष्मा असल्यास लावा. एक डोळा तळहाताने झाका आणि बघा, मग दुसरा झाका. दोन्हींत फरक वाटला, आकडे पुसट दिसले, खिडकीचे सरळ गज वाकडे दिसले, तर दवाखाना गाठा. मात्र सगळे ठीक दिसले म्हणून काचबिंदू नाही असे समजू नका. सुरुवातीचा काचबिंदू यात सापडत नाही.

साखरेच्या आजाराचेही तसेच. पडद्याच्या रक्तवाहिन्या आतून गळू लागतात तरी बरेच दिवस नजर साफ असते. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा.

काही गोष्टी मात्र उद्यावर ढकलू नयेत. डोळा एकाएकी लाल होऊन भयंकर दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, वर ओकारी झाली, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका. तो एकदम उसळलेला काचबिंदू असू शकतो. डोळ्यापुढे अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले, एका बाजूने पडदा सरकल्यासारखे झाले, तर आतला पडदा सुटत असू शकतो. एकाएकी अंधारी येऊन नजर गेली आणि परत आली तरीही जावे. या सगळ्याला त्याच दिवशी रुग्णालय.

तंबाखूच्या चुन्याची ट्यूब पोरे खेळायला घेतात, दाबताना ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. रंगसफेदी करणाऱ्या आणि गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही हा धोका आहे. अशा वेळी आधी रिक्षा शोधू नका. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याने 15 ते 20 मिनिटे डोळा धुवा, मगच निघा. तूप, मध, दूध काही घालू नका. शेतात भाताचे कूस किंवा उसाचे पान डोळ्यात लागले तर चोळू नका. औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे' थेंब आणून घालणे तर फारच वाईट. त्यात स्टेरॉइड असेल तर आतली बुरशी फोफावते, बुबुळावर फूल पडते.

लहान मुलांबद्दल थोडेसे. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा, डोळ्यातला कर्करोगही असू शकतो. तिरळेपणाला भाग्याचे लक्षण म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना नमस्कार करावा आणि मुलाला शाळेत घालण्याआधी डॉक्टरकडे न्यावे.

अडचण असते ती हजेरीची. एक दिवस गेला की रोजगार बुडतो, हे आम्हालाही कळते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये डोळ्यांचा विभाग कोणत्या वारी असतो ते आधी विचारून घ्या, म्हणजे फेरा वाया जात नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी रुग्णालयात भिंगासह मोफत होते. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कुणीतरी हवे, आणि परतताना सायकल-गाडी चालवू नये. जुने कागद, चालू औषधे बरोबर न्यावीत.

दादांनी गावाकडच्या धाकट्या भावाला बोलावून घेतले. त्याची नजर चांगली होती, तक्रार काहीच नव्हती. दाब मात्र वाढलेला निघाला आणि नसेलाही थोडा धक्का लागलेला. आता तोही रोज रात्री थेंब घालतो. इकडे दादांचे थेंब त्यांची नात घालते. रात्री आठ वाजले की ती हाक मारते, "आजोबा, डोळा वर करा."