‘वन स्टेप बियॉन्ड’: अज्ञाताच्या एक पाऊल पुढे

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 20 जानेवारी 1959 रोजी ही मालिका सुरू झाली, ‘द ट्वायलाइट झोन’ या तशाच गूढ मालिकेच्या काही महिने आधी. प्रायोजक अ‍ॅल्युमिनियम बनवणारी अल्कोआ कंपनी, संकल्पना मर्विन जेरार्ड यांची. दर भागात अर्ध्या तासाची नवी गोष्ट: पूर्वसूचना देणारी स्वप्नं, मृतांचे भास, टायटॅनिक बुडण्याआधीच कुणाकुणाला लागलेली चाहूल. कथा लोकांनी सांगितलेल्या अनुभवांवर बेतल्याचा मालिकेचा दावा होता. तो जसाच्या तसा मानायला नको. पण राक्षस, परग्रहवासी टाळून साध्या घरातली भीती दाखवण्याचं बळ त्यातूनच आलं.

जॉन न्यूलँड निवेदकही होते आणि दिग्दर्शकही. त्यांचा शांत, समजुतीचा स्वर आजही अंगावर काटा आणतो. जानेवारी 1961 च्या ‘द सेक्रेड मशरूम’ या भागात तर कल्पितकथा बाजूला ठेवून ते मेक्सिकोला गेले आणि परतल्यावर संशोधक आंद्रिया पुहारिच यांच्या देखरेखीखाली भ्रम निर्माण करणारी अळिंबी त्यांनी कॅमेऱ्यासमोर खाल्ली. त्या काळच्या दूरचित्रवाणीवर असं धाडस विरळाच! वॉरन बेटी, चार्ल्स ब्रॉन्सन, विल्यम शॅटनर हे चेहरेही इथे भेटतात. मालिका 1961 मध्ये संपली.