सोंगाड्या आणि कोतवाल

अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर वसली आहे तिचा आकार माशासारखा आहे, आणि नवरात्रात तिच्या यात्रेला जी माणसे पंचक्रोशीतून लोटतात त्यांना देवीचे दर्शन आणि यात्रेतली करमणूक या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे कधी वाटले नाही. मराठवाड्यातल्या जत्रांत एका अंगाला तमाशाचा फड उतरे, दुसऱ्या अंगाला फिरत्या चित्रपटाचा तंबू उभा राही, आणि दोहोंचा प्रेक्षक एकच असे. या प्रेक्षकाची नाडी ओळखून फडातला विनोद अखंड, सबंध रूपात पडद्यावर आणणारा नट म्हणजे कृष्णा कोंडके. सारा महाराष्ट्र त्यांना दादा या नावाने ओळखतो. हास्यनट म्हणून त्यांच्या लोकप्रियतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यांच्या अश्लीलतेविषयी त्याहूनही अधिक. परंतु त्यांच्या कलेचे कूळ कोणते, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला, आणि मला तोच अगत्याचा वाटतो.

ते कूळ सोंगाड्याचे, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाचे. तमाशाचा पारंपरिक क्रम असा : आरंभी गण, मग गवळण, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, आणि गौळणींच्या बाजूने भांडायला मावशी उभी राहते. ही मावशी पुरुषच असतो. धोतर-सदऱ्यावरच उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला, कंबरेवर हात ठेवला आणि मान किंचित वाकडी केली की प्रेक्षक त्याला मावशी म्हणून मान्य करतात. लुगडे, चोळी, रंगभूषा यांपैकी कशाचीही अपेक्षा ठेवत नाहीत. वगात राजा असो की प्रधान, त्याच्या समोर हाच इसम शिपाई म्हणून वा हरकाम्या म्हणून उभा असतो, आणि ज्या गोष्टी दरबारात कोणी उच्चारू नयेत त्या तो अजाणपणे, जणू काही आपल्याला समजतच नाही अशा मुद्रेने, विचारून टाकतो. अजाणपणाचे हे सोंग हाच त्याचा परवाना. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात हे काम अशा तयारीने केले की त्यांच्या नावावर फड चालले.

दादांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 चा, मुंबईच्या गिरणगावातला. घराणे भोरकडच्या इंगवली गावचे. गिरणीच्या पगारावर चालणारी चाळ, नायगावातले बँडपथक, पुढे अपना बाजारातली तुटपुंज्या वेतनाची नोकरी, असा त्यांचा उमेदवारीचा काळ गेला. थोड्या अवधीत घरातली अनेक माणसे मृत्यूने ओढून नेली, आणि त्या दुःखातून बाहेर पडताना लोकांना हसवण्याचा निश्चय केला, असे ते स्वतः सांगत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना शिक्षण दिले. लोकशिक्षणासाठी तमाशाचा ढंग वापरावा, हे त्या पथकाचे धोरण होते, पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे वगनाट्य त्याच पथकासाठी लिहिले, आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नटही त्याच मुशीतून निघाले.

वसंत सबनीस यांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य 1965 मध्ये रंगभूमीवर आले आणि दादांचे भाग्य उजळले. त्याचे मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’. राज्यातल्या कोतवालाची जागा रिकामी होते; हवालदाराची आशा अशी की बढती आता आपल्यालाच मिळणार; परंतु ती जागा भलत्याच्याच पदरात पडते, आणि मग हवालदार व त्याची प्रेयसी मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरण्याच्या भरीस घालतात. एवढेच कथानक. संहितेत जागोजाग मोकळीक ठेवलेली असल्यामुळे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी त्याच रात्री हवालदाराच्या, म्हणजे दादांच्या, तोंडी येई. मंत्री, पुढारी, साहेबलोक यांपैकी कोणाचीही गय होत नसे, आणि हजाराहून अधिक प्रयोगांत दोन प्रयोग सर्वस्वी सारखे झाले नाहीत.

आमच्या भागातल्या माणसाला हा वग विशेष जवळचा का वाटावा, याचे उत्तर इतिहासात आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत अंबड तालुका निजामाच्या राज्यात होता. तहसील, पेशकारी, जमादार, दफ्तर, हुकूम, दस्तुरी या साऱ्या शब्दांशी येथल्या कुणब्याची गाठ रोजच पडे, आणि ज्या दफ्तराची भाषा आपल्याला येत नाही त्यापुढे टोपी काढून उभे राहण्याची विद्या त्याला बापाकडून मिळालेली असे. पुढे राज्ये बदलली. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1981 मध्ये अंबड तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. परंतु कोतवाल हे पद गावपातळीच्या महसुली व्यवस्थेत राहिलेच. तेव्हा हक्काची बढती वशिल्यामुळे हुकलेला हवालदार आपली तक्रार मांडू लागला, की ती कोणत्या दरबाराची आहे हे या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नसे.

आशा भोसले यांनी ‘विच्छा’चा प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस केली आणि 1969 च्या ‘तांबडी माती’मधून ते चित्रपटात आले. तथापि खरा कोंडके 1971 च्या ‘सोंगाड्या’त दिसला. निर्मिती स्वतःची, कथा सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, नायिका उषा चव्हाण, आणि आईच्या भूमिकेत रत्नमाला. कडक आईचा भोळा मुलगा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, ही गोष्ट. पण चित्रपटाने नायकाचे नाव बाजूला ठेवून सोंगाड्याचे नाव धारण केले, यात मला दादांची निष्ठा दिसते. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ठरलेला करार मोडून देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला पसंती दिली, तेव्हा शिवसेनेने आंदोलन करून ‘सोंगाड्या’ला पडदा मिळवून दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘पांडू हवालदार’ (1975), ‘राम राम गंगाराम’, अशी मालिका सुरू झाली आणि लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केल्याबद्दल त्यांचे नाव गिनीज बुकात गेले. पंचवीस आठवडे एका गृहात टिकणे ही त्या काळच्या मराठी चित्रपटाला सोपी गोष्ट नव्हती.

आता त्यांच्या अभिनयाकडे बारकाईने पाहावे. ढगळ अर्धी चड्डी, तिची गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी, आणि चेहऱ्यावर शाळेत पहिल्याच दिवशी आलेल्या मुलाचे भाव. द्व्यर्थी वाक्य उच्चारताना ते डोळा मिचकावत नाहीत, ओठ मुडपत नाहीत, स्वर बदलत नाहीत. वाक्य सरळ अर्थानेच म्हटले जाते आणि ते क्षणभर थांबतात. तेवढ्या अवकाशात दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उगवतो, आणि सभागृह हसू लागले की ते गोंधळून इकडेतिकडे पाहतात, जणू ही माणसे कशाला हसली हे त्यांना कळलेच नाही. दोष उच्चारणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, हा प्रश्न असा अधांतरी राहिल्यामुळे सेन्सॉरशी त्यांचे झगडे वर्षानुवर्षे चालले. ही युक्ती त्यांनी शोधलेली नव्हती. पेंद्या आणि मावशी गवळणीत हेच करत आले होते. शहरी समीक्षकाने ज्याला ग्राम्यता म्हटले, ती एका जुन्या विद्येची शिस्त होती.

याच विद्येची दुसरी शाखा मराठवाड्यात फुलली. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे एकट्याने उभी केली, आणि खेड्यातला वऱ्हाडी विमानात बसल्यावर जे प्रश्न विचारतो त्यांत मराठवाडी बोलीला प्रथमच एवढी मोठी रंगभूमी मिळाली. देशपांड्यांच्या विनोदात शृंगार जवळजवळ नाही. भोळ्या माणसाचा बिनतोड प्रश्न मात्र तोच आहे.

दादांचे सगळेच चित्रपट सारख्या योग्यतेचे आहेत असे मी म्हणणार नाही. सबनिसांच्या लेखणीचा आधार सुटल्यावर द्व्यर्थी वाक्ये राहिली, पण ती ज्याला उद्देशून बोलायची तो दरबार हळूहळू नाहीसा झाला. समोर राजा नसताना सोंगाड्याने नुसत्या कोट्या कराव्यात, अशी उत्तरार्धातल्या पुष्कळ चित्रपटांची, विशेषतः हिंदी चित्रपटांची, अवस्था आहे. 14 मार्च 1998 रोजी त्यांचे निधन झाले. ‘विच्छा’चे प्रयोग पुढे विजय कदम यांनी नव्याने केले. ज्या तरुण वाचकाने दादांची केवळ गाणी आणि त्यांच्याविषयीचे किस्से ऐकले असतील, त्याने आधी ‘सोंगाड्या’ पाहावा, मग ‘पांडू हवालदार’, आणि त्यानंतर जवळपास कोठे जुन्या बाजाचा फड उतरला असेल तर गवळण संपेपर्यंत तरी तेथे बसावे.