रोज 190 लिटर

पाच माणसांच्या घरातून रोज सुमारे 190 लिटर सांडपाणी बाहेर पडतं. जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे, म्हणजे घराला 275 लिटर. त्यातलं साधारण 70 टक्के न्हाणीतून आणि मोरीतून वाहून जातं. 250 उंबऱ्यांच्या गावात हे पाणी रोज साडेसत्तेचाळीस हजार लिटर होतं, वर्षाला 1 कोटी 73 लाख लिटर.

लातूरकरांना हे माप लगेच कळेल. 2016 मध्ये मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं. पुढे 50 वाघिणींच्या गाडीतून खेपेला सुमारे 25 लाख लिटर येऊ लागलं. तशा जवळजवळ सात गाड्या भरतील एवढं सांडपाणी मराठवाड्यातलं एक मध्यम गाव दर वर्षी गल्लीत सोडतं. त्याच वर्षी लोकांनी वर्गणी काढून साई ते नागझरी असं 18 किलोमीटर मांजरेचं पात्र खोल-रुंद करायला घेतलं. तेवढ्या लांबीत फक्त एक मीटर रुंद, एक मीटर खोल चर धरला तरी त्यात 1 कोटी 80 लाख लिटर मावतं. एका गावाचं वर्षाचं सांडपाणी जवळपास तेवढंच आहे.

नांदेड जिल्ह्याने हे पाणी जागच्या जागी मुरवून दाखवलं. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत घरोघरी शोषखड्डे झाले, उघडी गटारं गेली, गाव डासमुक्त म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि पुढे 'नांदेड पॅटर्न' हे नाव रूढ झालं.

खड्डा चार फूट लांब, रुंद आणि खोल. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती तळाशी मोठे दगड, वर लहान, मग खडी. न्हाणीचा पाइप टाकीत सोडायचा आणि वरून झाकायचं. आकारमान 64 घनफूट, म्हणजे सुमारे 1,800 लिटर. दगडांमधली पोकळी 40 टक्के धरली तरी 700 लिटर, म्हणजे घराचं साडेतीन दिवसांचं पाणी. पण खरं काम साठवण्याचं नाही, मुरवण्याचं आहे. चार भिंती आणि तळ मिळून 80 चौरस फूट जमीन होते; दर चौरस फुटाने रोज जेमतेम 2.4 लिटर प्यायचं असतं.

मुरूम हे सहज पितो. काळी माती पीत नाही. ओली झाली की फुगते आणि वाट बंद करते. म्हणून काळ्या रानातल्या गावात चार फुटांचा नियम आंधळेपणाने पाळू नये, मुरूम लागेपर्यंत खाली जावं. पिण्याच्या विहिरी-बोअरपासून खड्डा लांब ठेवावा आणि संडासाचं पाणी त्यात कधीही सोडू नये.

250 खड्ड्यांची माती एकूण 450 घनमीटर. कुदळ-फावड्याचं, गावकऱ्यांच्या आवाक्यातलं हे काम आहे. रोजगार हमीतूनही ते घेता येतं. अवघड आहे ते नंतरचं: साबण, तेलकटपणा आणि उष्ट्याचा गाळ दगडांवर बसतो, भोकं बुजतात आणि पाणी पुन्हा अंगणात येतं. टाकीतला गाळ वेळच्या वेळी काढला तरच खड्डा टिकतो. त्यामुळे किती खड्डे खोदले एवढ्यावर ग्रामसभेने समाधान मानू नये. दर दिवाळीनंतर, पावसाळा सरल्यावर, त्यातले किती पाणी पितात हे दारोदार जाऊन मोजावं आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.