घर, पर्यटक आणि शेकडेवारी : पॅरिसमधील भाड्याच्या घरांचे गणित



शेकडेवारी आणि सरासरी हे घटक आपण दरवर्षी शिकवतो. नफा-तोटा, परीक्षेचे गुण, दुकानातली सूट ही ठरलेली उदाहरणे देतो आणि मुलं उत्तरही बरोबर काढतात. पण पेपरात "प्रमाण ७० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर घसरले" असं वाचलं, की हे ६० टक्के नेमके कशाचे, ते मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. म्हणून आज एक खरे उदाहरण घेऊ. फ्रान्सची राजधानी पॅरिस आणि तिथे पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने दिली जाणारी घरे. यात गणित आहे, भूगोल आहे आणि नागरिकशास्त्रही आहे.

हा व्यवसाय आहे तरी काय?

पूर्वी पर्यटक हॉटेलात, धर्मशाळेत नाहीतर पाहुण्यांकडे उतरत. २००७ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन तरुणांनी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. त्यातूनच पुढे एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली. आज अशी अनेक संकेतस्थळे आहेत. घरमालक घराचे फोटो टाकतो, एका रात्रीचे भाडे ठरवतो, पर्यटक बुकिंग करतो आणि संकेतस्थळ आपले कमिशन घेते.

पॅरिस शहर लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे १०५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे २१ लाख. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण २० हजार माणसे. त्यात जगभरातून पर्यटकांचा ओघ. नवीन घरे बांधायला जागा फारशी नाही. त्यामुळे पर्यटकाला दिलेली प्रत्येक खोली राहणाऱ्यांच्या वाट्यातून जाते, हे आधी लक्षात घ्या.

बाजार चांगला चालतोय हे कसे मोजतात?

तीन आकडे पाहतात. समजा (हे आकडे आपल्या सोयीसाठी घेतले आहेत) एका मालकाने एप्रिलच्या ३० रात्रींपैकी ६ रात्री घर स्वतःसाठी ठेवले. उरल्या २४ रात्री. त्यातल्या १८ रात्री पाहुणे आले. एकूण भाडे मिळाले २,१६० युरो.

१) भरलेल्या रात्रींचे प्रमाण, म्हणजेच ऑक्युपन्सी : १८ ÷ २४ = ७५ टक्के
२) एका रात्रीचे सरासरी भाडे : २,१६० ÷ १८ = १२० युरो
३) उपलब्ध रात्रीमागे उत्पन्न : २,१६० ÷ २४ = ९० युरो

आता गंमत बघा. १२० चे ७५ टक्के किती? ९०. म्हणजे तिसरा आकडा हा पहिल्या दोघांचा गुणाकार आहे. मुलांना हे स्वतः शोधू द्या, आपण आधी सांगू नका.

हा तिसरा आकडा महत्त्वाचा का? एका घराचे भाडे १५० युरो आहे, पण निम्म्याच रात्री भरतात. तिथे उपलब्ध रात्रीमागे मिळाले ७५ युरो. दुसऱ्या घराचे भाडे फक्त ९० युरो, पण ९० टक्के रात्री भरतात. तिथे मिळाले ८१ युरो. भाडे कमी असूनही दुसरे घर पुढे गेले. नुसत्या भाड्यावरून धंदा कळत नाही, तो असा.

आणि एक प्रश्न मुलांना जरूर विचारा. मालकाने स्वतःसाठी ठेवलेल्या ६ रात्री छेदात धरल्या तर? १८ ÷ ३० = ६० टक्के. घर तेच, महिना तोच, पाहुणे तेच, पण एकदा ७५ आणि एकदा ६०. शेकडेवारी वाचताना आधी छेद विचारायचा, हा या पाठाचा गाभा आहे.

मागणी आणि पुरवठा : ऑलिंपिकचा धडा

२६ जुलै ते ११ ऑगस्ट २०२४ या काळात पॅरिसला ऑलिंपिक झाले. जगभरातून लोक येणार, भाडे चौपट मिळणार, असा अनेक पॅरिसवासीयांचा अंदाज होता. पुष्कळांनी त्या दिवसांत गावाला जायचे ठरवून आपले घर संकेतस्थळावर टाकले. सुरुवातीला भाडेही भरमसाट मागितले गेले. पण मागणीबरोबर पुरवठाही वाढला. स्पर्धा जवळ आली तशी भाडी उतरू लागली आणि बऱ्याच घरांना अपेक्षेएवढे पाहुणे मिळाले नाहीत. बाजारात सगळ्यांनी एकाच दिवशी कोथिंबीर आणली तर जुडीचा भाव काय होतो, हे आपल्या मुलांना चांगले माहीत असते. इथेही तेच झाले.

घसरण कोणाची?

आता मुख्य मुद्दा. पुन्हा सोयीचे आकडे घेऊ.

मागच्या वर्षी एका वस्तीत १०० घरे पर्यटकांसाठी होती. महिन्याच्या ३,००० रात्रींपैकी २,१०० भरल्या. प्रमाण ७० टक्के.
या वर्षी १४० घरे झाली. ४,२०० रात्रींपैकी २,५२० भरल्या. प्रमाण ६० टक्के.

बातमी येईल, "बाजार १० टक्क्यांनी थंडावला." (खरे तर १० टक्के नव्हे, १० टक्के-अंकांनी. हा फरकही वर्गात सांगता येईल.) घरमालकाच्या बाजूने बातमी खरीच आहे, प्रत्येकाच्या वाट्याला आता कमी रात्री आल्या. पण पाहुण्यांच्या रात्री ४२० ने वाढल्या आणि ४० घरे जास्त गेली. तिथे वर्षभरासाठी घर शोधणाऱ्या नर्सला, बसचालकाला किंवा नव्याने बदली होऊन आलेल्या शिक्षकाला ती ४० घरे मिळणार नाहीत. "बाजाराची कामगिरी" सांगणारा आकडा मालकाचे उत्पन्न मोजतो. शहरात किती कुटुंबांना छप्पर उरले, हे तो मोजतच नाही.

हे आपल्या ओळखीच्या शब्दात सांगायचे तर पटसंख्या. २०११ मध्ये पॅरिसची लोकसंख्या सुमारे साडेबावीस लाख होती, ती आता एकवीस लाखांच्या आसपास आली. तिथल्या प्राथमिक शाळांतले वर्ग मुलांअभावी बंद होत आहेत. याला जन्मदर कमी होणे, घरे महाग असणे, कुटुंबांनी उपनगरात जाणे अशी बरीच कारणे आहेत. पर्यटकांची घरे हे त्यातले एकच. पण पट कमी झाला की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कायद्याने काय केले?

पॅरिसने बंदी घातली नाही, मोजणी सुरू केली. डिसेंबर २०१७ पासून जाहिरातीवर १३ अंकी नोंदणी क्रमांक टाकणे सक्तीचे झाले. क्रमांक नसलेल्या १,०१० जाहिराती दाखवल्याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाने एअरबीएनबीला सुमारे ८० लाख युरो दंड केला. स्वतः राहते घर वर्षाला जास्तीत जास्त १२० रात्री देता येत असे. १२० च का? फ्रान्समध्ये वर्षातले किमान आठ महिने जिथे राहता, ते राहते घर मानले जाते. उरले चार महिने, म्हणून १२०. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने शहरांना ही मर्यादा ९० पर्यंत खाली आणायची मुभा दिली आणि पॅरिसने १ जानेवारी २०२५ पासून ती ९० केली. जिथे मालक राहतच नाही, ते घर पर्यटकांना द्यायला शहराची वेगळी परवानगी लागते.

एखाद्याने दुसरे घर "राहते" म्हणून दाखवायचे ठरवले, तर त्याचे गणित करून बघू. समजा वर्षभराच्या भाडेकरूकडून महिना १,२०० युरो मिळतात. वर्षाचे १४,४००.

मर्यादा नसेल, ७५ टक्के रात्री भरल्या : सुमारे २७४ × १२० = ३२,८८० युरो
मर्यादा १२० रात्री : १२० × १२० = १४,४०० युरो
मर्यादा ९० रात्री : ९० × १२० = १०,८०० युरो

यातून कमिशन, साफसफाई, चादरी-टॉवेलचा खर्च वजा जायचाच आहे. मर्यादा नसताना पर्यटक दुपटीहून जास्त फायद्याचा होता. ९० रात्रींवर भाडेकरू फायद्याचा ठरतो. लोभ करू नका असे उपदेश करण्यापेक्षा एक संख्या बदलली की मालकाचा हिशोबच बदलतो. अर्थात मालकांचीही बाजू आहे. राहत्या घराची एखादी खोली देऊन घराचा हप्ता भरणारी कुटुंबे आहेत आणि त्यांना हा आधार मोठा असतो. वर्गात दोन्ही बाजू मांडू द्या.

वर्गासाठी उपक्रम

१) वर्गाचे तीन गट करा : घरमालक, पर्यटक आणि वस्तीतले रहिवासी. १०० आणि १४० घरांचे उदाहरण द्या. प्रत्येक गटाने त्यावर एका ओळीची बातमी लिहायची. आकडे तेच असून तीन बातम्या वेगळ्या येतील.
२) मोठ्या मुलांनी शोधावे : महिना १,२०० युरो भाडे आणि रात्रीचे १२० युरो असताना किती रात्रींना दोन्ही उत्पन्न समान होते? रात्रीचे भाडे १६० युरो केले तर?

पालकांसाठी दोन शब्द

गोव्यात किंवा कोकणात फ्लॅट घ्या, पर्यटकांना द्या, घरबसल्या उत्पन्न मिळवा, अशा जाहिराती आपल्याही वाचनात येतात. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ऑक्युपन्सी सांगताय ती कोणत्या महिन्यांची, की पूर्ण वर्षाची? छेदात किती रात्री धरल्या? शेजारी अशी आणखी किती घरे होणार आहेत? आणि सोसायटीचे व सरकारी नोंदणीचे नियम स्वतः वाचा.

हा पाठ आपल्या वर्गात नक्की घेऊन बघा. मुलांनी लिहिलेल्या तीन बातम्या फळ्यावर शेजारी-शेजारी लावा आणि कोणत्या बातमीत काय मोजायचे राहून गेले, ते मुलांनाच शोधू द्या.