खोली नवी, थकबाकी जुनी

भोपाळच्या एम.पी. नगरजवळ शिकायला आलेल्या मुलांना खोलीबरोबर कधीकधी आधीच्या भाडेकरूचं थकलेलं वीजबिलही मिळतं. 'आम्ही ती वीज वापरलीच नाही' हे खरं. पण बिल थकलं की वीज तुटते ती खोलीची. नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी थकबाकी भरल्याशिवाय जोडणी नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केलं. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी बिलावरचा आयव्हीआरएस क्रमांक मागा. ऑनलाइन थकबाकी दिसते. पहिल्याच दिवशी मीटरचा फोटो काढा.

नगर निगमचा संपत्तिकर भरणं हे मुळात घरमालकाचं काम. तो कर आणि जुनी देणी मालकाकडेच, हे भाडेकरारात लिहून घ्या. काका-काकू कितीही प्रेमळ असोत, विचारायला संकोच नको.