आरशासमोरचा अर्धा तास

चाळिशीतल्या नटाला सत्तरीचा वृद्ध करावयाचा असेल, तर जाणता रंगभूषाकार त्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्या काढत नाही; तो त्या शोधतो. नटाला तो कपाळाला आठ्या घालायला लावतो, डोळे बारीक करायला सांगतो, तोंड भरून हसायला सांगतो. कातडी जिथे दुमडते, नेमक्या त्या घडीत तपकिरी रंगाची बारीक रेघ ओढली जाते, तिच्या शेजारी उजळ रंगाची दुसरी, आणि मग बोटाच्या टोकाने दोन्हींच्या कडा एकमेकींत मिसळल्या जातात. गालांच्या खळग्यांत सावली, गालफडांच्या हाडांवर उजेड, भुवयांवर आणि कानशिलांवर पांढरी छटा. नवशिके इथेच थांबतात. कसलेला माणूस मान आणि हात विसरत नाही. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचे खरे वय हातांवरूनच कळते.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सेचा व्यवसाय सोडून ते नुकतेच पूर्णवेळ नट झाले होते. त्यांच्या अप्पासाहेबांना पाहून कितीतरी घरांतल्या माणसांना आपले वडील आठवले. ते बळ लेखकाच्या शब्दांचे आणि नटाच्या आवाजाचे होतेच. पण पडदा वर जाताना प्रेक्षकाने प्रथम पाहिला तो एक चेहरा, कोणीतरी आरशासमोर बसून रेघारेघांनी घडविलेला.

या कलेविषयी आरोग्यविषयक पाक्षिकात लिहिण्याचे कारण निराळे आहे. नटाच्या चेहऱ्यावर वार्धक्य रंगविणारा माणूस त्या चेहऱ्याकडे ज्या एकाग्रतेने पाहतो, तसे खऱ्या वृद्धाच्या चेहऱ्याकडे घरात कोण पाहते? डोळ्यांत थेंब घालण्यासाठी, दाढी करण्यासाठी, जेवणानंतर तोंड पुसण्यासाठी हात लागतात. ते सेवेचे आणि मोलाचे असतात, पण घाईचे असतात. हळूहळू घरातली आजी आरसा टाळू लागते. आजोबा जुन्या छायाचित्राकडे बोट दाखवून ‘हा मी’ म्हणतात, जणू आताचा तो कोणी दुसराच. चेहऱ्यावरचा रंग अशा वेळी काही करू शकतो का, हा प्रश्न हौसेचा नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांना या कलेचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील चित्रांमध्ये, हाती आरसा घेऊन प्रसाधनात रमलेली एक राजस्त्री आहे. भोवती दासी, आणि तिचे सारे लक्ष स्वतःच्या प्रतिबिंबात. चित्रकाराने नाकाच्या दांड्यावर, ओठांवर, हनुवटीवर उजळ रंगाचा स्पर्श देऊन आणि कडांना गडद छटा देऊन सपाट भिंतीतून चेहरा वर उचलला आहे. संत एकनाथ रंगमंदिराच्या रंगपटात नटाच्या गालावर काम करणारा रंगभूषाकार आजही तेच करतो. त्याची भिंत तेवढी जिवंत असते.

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’ने या विद्येला आहार्य अभिनयात स्थान दिले आणि शरीर रंगविण्याला ‘अंगरचना’ असे नाव दिले. पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे चार मूळ रंग सांगून त्यांच्या मिश्रणातून बाकीचे कसे साधावेत, हेही तेथे आले आहे. जीव जसा एक देह टाकून दुसऱ्या देहाचा स्वभाव धारण करतो, तसा नट रंग आणि वेष यांनी आपला स्वभाव झाकून दुसऱ्याचा धारण करतो, अशा आशयाचा दृष्टान्त भरत देतात. वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे असा तो आहे.

पैठणच्या नाथमहाराजांनी हीच गोष्ट भारुडांतून गावाच्या चौकात आणली. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या ही सोंगे त्यांनी रचनांतून उभी केली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातले. सोंग आणणाऱ्याला मोठा रंगपट लागत नव्हता. कपाळभर मळवट, गालाला काजळाचा ठिपका, डोक्याला फडके, एवढ्यावर शेजारचा माणूस अनोळखी होई. सिल्लोड तालुक्यातील भारूडकार निरंजन भाकरे यांनी याच सोंगांतून व्यसनमुक्तीचा प्रचार केला. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. जे बोल घरचा मुलगा सांगेल तर राग येतो, ते रंगवलेल्या तोंडातून आले की माणूस हसत ऐकतो. पथ्यपाणी सांभाळणाऱ्या घरांना या युक्तीचे मोल निराळे सांगायला नको.

एकनाथांचा विषय निघाला की बालगंधर्व आठवतात. शालू, नथ आणि केशभूषा यांनी महाराष्ट्राच्या स्त्रियांना नटणे शिकविणारा हा पुरुष १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ झाला. वय सत्तेचाळीस. जन्मभर रंगाने दुसरा देह धारण केलेल्या नटाला या वेळी पुरुषदेहाचेच सोंग घ्यावे लागले! रसिकांच्या मनातले बालगंधर्व मात्र शालू नेसलेलेच राहिले. चेहरा आपला असतो तितकाच पाहणाऱ्याचाही असतो, हे आजारपणात रूप बदललेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

रंग मनाला निववीत असले, तरी देहाशी ते नेहमीच सौम्य वागले आहेत असे नाही. शेंदरात शिसे असते, हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग. लोकनाट्यांतील नटांनी हे रंग वर्षानुवर्षे तोंडाला फासले. युरोपातही शिसेयुक्त पांढऱ्या रंगाने नटांचे हाल केले. लुडविग लाइशनर नावाच्या जर्मन संगीतिका-गायकाने शिशाविना तेलकट रंग बनविले आणि १८७३ मध्ये त्यांचा व्यवसाय उभारला. म्हणून घरात कोणाला रंगवायचे मनात आले, तर पहिला नियम हा: बाजारातला सुटा शेंदूर, होळीचे रंग, पोस्टर रंग चेहऱ्याला लावू नयेत. त्वचेसाठीच बनविलेला, डबीवर घटक छापलेला रंग घ्यावा.

दुसरी गोष्ट त्वचेची. वय वाढते तशी ती पातळ होते, तिच्यातली स्निग्धता घटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असतील, तर जरा जोरात चोळल्यानेही काळेनिळे डाग उमटतात. आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून दोन दिवस वाट पाहावी; खाज, लाली आली तर तो रंग बाद. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांनी होकार दिल्याखेरीज काजळ किंवा डोळ्यांचा रंग नको. काचबिंदूचे थेंब चालू असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे. नळीने प्राणवायू घेणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्याला व्हॅसलीनसारखा खनिज तेलाचा लेप लावू नये. भाजण्याचा धोका असतो. दाढीमिशा चिकटविण्याचा डिंक ज्येष्ठांना नकोच, कानावर अडकविण्याची दाढी घ्यावी.

सर्वांगाला रंग लावण्याचा मोह मात्र टाळावा. केरळात त्रिशूरला ओणमच्या दिवसांत पुलिकळीचे वाघ निघतात. सुटलेल्या पोटांवर वाघाचे तोंड रंगवून, ढोलांच्या तालावर पोट हलवीत नाचतात, आणि पाहणारा पोट धरून हसतो. रंगाने सारे अंग झाकले की त्वचेचा श्वास कोंडून माणूस दगावतो, असे १९६४च्या ‘गोल्डफिंगर’ या चित्रपटापासून पुष्कळांना वाटते. माणूस फुप्फुसांनी श्वास घेतो. ती भीती निराधार आहे. पण घाम अडल्याने अंगाची उष्णता बाहेर पडत नाही, हे खरे, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हृदयविकार असलेल्या वृद्धाला ते झेपणारे नाही. चेहरा आणि हात पुरेसे आहेत.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत फार जपावे. तिला कधी आरशातला स्वतःचाच चेहरा परका वाटतो. तिच्यासमोर एकदम राक्षसाचे तोंड किंवा मुखवटा आणला तर ती घाबरून जाते. सोंग दुसऱ्याने घ्यायचे असले तरी रंग तिच्या समोरच, हळूहळू, नाव घेऊन बोलत चढवावा. तिला रंगवायचे असेल तर सुरुवात हातावरच्या एखाद्या फुलाने करावी. हात मागे ओढला की थांबावे, आणि समजूत घालीत बसू नये. कित्येकदा मात्र उलट घडते: कुंकवाची डबी आणि आरसा समोर आला की विस्मरणात गेलेले बोट आपोआप कपाळाकडे जाते. हा हातांना पडलेला वळणाचा संस्कार आहे. नावे विसरली तरी तो पुष्कळ काळ टिकतो.

रंगभूषेचा आणखी एक उपयोग आपल्याकडे अजून पुरेसा रुळलेला नाही. कोडाचे डाग, भाजल्याचे व्रण, शस्त्रक्रियेच्या खुणा त्वचेच्या रंगाशी जुळणाऱ्या लेपाने सौम्य दिसतात. ब्रिटनमध्ये रेड क्रॉसने १९७५ पासून स्वयंसेवकांकरवी रुग्णांना ही कला शिकविण्याचे काम केले. डाग लपविलाच पाहिजे, असे यात मुळीच नाही. लग्नाला जाताना लावावा, एरवी लावू नये. निवड ज्याची त्याची. लेप औषध नव्हे, उपचार चालूच ठेवायचा.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्नेहसंमेलनात एखाद्या आजोबांना पुन्हा एकदा नारदाचे किंवा विठोबाचे काम करायचे असते. घरचे म्हणतात, ‘या वयात कशाला?’ त्यापेक्षा कार्यक्रमाच्या दिवशी खुर्चीला पाठ टेकवून, उजेड समोरून येईल असे त्यांना बसवावे. औषधाची वेळ आणि लघवीला जाणे आधी उरकून घ्यावे. रंग चढल्यावर दोन्ही अवघड होते. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लावू नये, मध्ये पाणी द्यावे, आणि प्रत्येक रेघ कुठे ओढतो आहोत ते सांगत जावे. पुष्कळांना त्या अर्ध्या तासात चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद आठवू लागतात.

प्रयोग संपला की रंग त्याच रात्री उतरवावा, कितीही थकवा असला तरी. कोमट केलेले खोबरेल तेल तळहातावर घेऊन चेहऱ्यावर नुसते टेकवावे, दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यावे, मग ओल्या मऊ सुती कापडाने कपाळाकडून हनुवटीकडे टिपून घ्यावे, घासू नये. कानांच्या पाळ्यांमागे आणि मानेच्या घड्यांत रंग राहून जातो. तिथे बोटाला कापड गुंडाळून हळूच फिरवावे.